२३ जूनच्या आत

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही स्लाऊला राहतो. २०१६ साली इथे दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. घेताना एजंट म्हणाला होता, लीजची, म्हणजे भाडेपट्ट्याची, ९० वर्षं शिल्लक आहेत, निश्चिंत राहा. तो ९० चा आकडा डोक्यात बसला तो बसलाच. गेल्या महिन्यात मॉर्गेज बदलायला ब्रोकरकडे गेलो तेव्हा त्याने कागद पाहिले आणि म्हणाला, तुमची साडेऐंशी वर्षं उरलीत, लवकर काहीतरी करा. लीज ९९ वर्षांची आहे, २४ जून २००७ पासूनची.

मी फ्रीहोल्डर कंपनीला, म्हणजे जमीन-इमारतीच्या मालकाला, ईमेल केली. दोन दिवसांत उत्तर आलं. ते २६ वर्षं वाढवून लीज १२५ वर्षांची करून देतील, ८,५०० पौंड घेतील, ग्राउंड रेंट (मालकाला द्यायचं जमिनीचं भाडं) आहे तेच म्हणजे वर्षाला २५० पौंड राहील. किंमत काढायला सर्व्हेयर लागणार नाही, वकिलाचं कामही थोडकंच, असं लिहिलंय. उत्तर द्यायला २८ दिवस दिलेत. एक मैत्रीण म्हणते, थांबा, नवा कायदा आलाय, सगळं स्वस्त होणार आहे. दुसरी म्हणते, सरळ कायदेशीर नोटीस द्या. पण नोटीस दिली की मालकाशी वैर आलं, आणि इमारतीचा मेंटेनन्स त्यांच्याच हातात.

यजमान सध्या पुण्यात आहेत, सासऱ्यांचं ऑपरेशन झालंय. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. सासरे फोनवर विचारतात, घर स्वतःचं आहे ना, मग पट्टा कसला वाढवायचा? मला नीट सांगता येत नाही. जवळ नऊ हजार पौंड आहेत. तीन-चार वर्षांत कदाचित आम्ही परतही जाऊ. मुलगी सहा वर्षांची आहे. काय करावं?

स्लाऊची एक वाचक

उत्तर

तुमचं पत्र वाचून मी आधी कॅलेंडर उघडलं. आज डिसेंबर २०२५. तुमची लीज २३ जून २१०६ ला संपते असं धरून चालू. म्हणजे २३ जून २०२६ ला तुमच्या हातात नेमकी ८० वर्षं उरतील आणि त्या दिवसापासून तुमच्या फ्लॅटचं गणित बदलेल. सहा महिने आहेत. पुरेसे आहेत, पण फुकट घालवण्याएवढे नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे: फ्रीहोल्डरची ऑफर घेऊ नका, नव्या कायद्याची वाट पाहू नका आणि कलम ४२ ची नोटीस, म्हणजे लीज वाढवून मागण्याची कायदेशीर नोटीस, एप्रिल उजाडायच्या आत बजावून मोकळ्या व्हा.

आता कारणं सांगते. सुरुवात सासऱ्यांच्या प्रश्नापासून करू, कारण त्यातच सगळं आहे.

इंग्लंडमध्ये फ्लॅट विकत घेतला म्हणजे ठरावीक वर्षं तिथे राहण्याचा, तो विकण्याचा आणि भाड्याने देण्याचा हक्क विकत घेतला. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरचीच राहते. वर्षं संपली की फ्लॅट त्याच्याकडे परत. सासरे पुण्याचे आहेत, त्यांना नवी मुंबईतली सिडकोची घरं ठाऊक असतील. तिथेही लोक ‘माझं घर’ म्हणतात आणि कागदावर जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. तेच समजा. फरक एवढा, की तिथला जमीनमालक सरकारी आणि तुमचा खाजगी कंपनी, जिने तुमची इमारत गुंतवणूक म्हणून विकत घेतलीय. लीज दरवर्षी एका वर्षाने झिजते. आपण भिंती रंगवतो, किचन नवं करतो, घराची किंमत वाढली म्हणून खूश होतो, आणि आत ही झीज चालूच असते. लंडनमध्ये डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला जेवायच्या रांगेत मी किती वर्षं उभी राहिलेय. लोक शाळांबद्दल बोलतात, मॉर्गेजच्या दरांबद्दल बोलतात. ‘तुझी किती वर्षं उरलीत गं?’ असं कोणी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही.

एजंटने खोटं सांगितलं नव्हतं. २०१६ साली ९० च उरली होती. त्यानंतर साडेनऊ वर्षं गेली, एवढंच. म्हणून पहिलं काम हे करा, की लीजचा मूळ कागद काढा. २००७ ची लीज असल्यामुळे सुरुवातीलाच एक तक्ता सापडेल, एलआर १, एलआर २ असे रकाने असलेला. १९ जून २००६ नंतरच्या नोंदणीच्या लीजमध्ये तो असतोच. त्यात एलआर ६ म्हणजे मुदत. तिथे ‘२४ जून २००७ पासून’ एवढंच आहे की ‘२४ जून २००७ धरून’ असं आहे, ते बघा. इंग्रजी कायद्यात या एका शब्दाने एक दिवस इकडचा तिकडे होतो. काठावर उभ्या असलेल्या माणसाला एक दिवस महाग पडू शकतो. कागद घरी नसेल तर लँड रजिस्ट्रीच्या सरकारी वेबसाइटवरून नक्कल काढा. त्याच वेळी फ्रीहोल्डच्या रजिस्टरचीही काढा, ती का ते पुढे सांगते.

आता ८० चं प्रकरण. १९९३ च्या कायद्याने फ्लॅटधारकाला हक्क दिला, की उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षं मिळतील आणि ग्राउंड रेंट ‘पेपरकॉर्न’ होईल. पेपरकॉर्न म्हणजे अक्षरशः मिरीचा दाणा. मालकाने मागितलाच तर वर्षाला एक मिरी द्यायची, म्हणजे काहीच द्यायचं नाही. याच्या बदल्यात मालकाला एक रक्कम द्यावी लागते, तिला प्रीमियम म्हणतात. त्यात दोन गोष्टींची भरपाई असते: बुडालेलं ग्राउंड रेंट, आणि फ्लॅट परत मिळायला त्याला आणखी ९० वर्षं थांबावं लागणार, ते.

पण उरलेली मुदत ८० किंवा कमी असेल तर तिसरी गोष्ट येते, मॅरेज व्हॅल्यू. नाव लग्नाचं आहे आणि हिशोबही तसाच आहे. तुमची आखूड लीज एका बाजूला, मालकाचा पुढचा हक्क दुसऱ्या बाजूला. दोन्ही वेगवेगळे असताना त्यांच्या किमतींची जेवढी बेरीज होते, त्यापेक्षा ते एकत्र आल्यावर फ्लॅटची किंमत जास्त होते. हे जे जास्तीचं, त्यातलं निम्मं मालकाला. २००२ च्या कायद्याने ८० ची रेघ आखली: मुदत ८० वर्षांपेक्षा जास्त उरली असेल तर मॅरेज व्हॅल्यू शून्य धरायची. ‘पेक्षा जास्त’ हे शब्द लक्षात घ्या. नेमकी ८० उरली तरी तुम्ही रेघेच्या पलीकडे गेलात.

आकड्यांत सांगते. तुमच्या फ्लॅटची लांब लीजसह किंमत तीन लाख पौंड धरू, ग्राउंड रेंट २५० आणि ते शेवटपर्यंत तेवढंच राहणारं. फ्लॅट परत मिळण्याच्या हक्कासाठी ५ टक्के दर, जो मोठ्या खटल्यांतून २००६ सालापासून रूढ झालाय, आणि ग्राउंड रेंटसाठी ६ टक्के धरू. साडेऐंशी वर्षं उरलेली असताना प्रीमियम येतो साधारण दहा हजार पौंड. साडेएकोणऐंशी असताना भरपाईच्या पहिल्या दोन भागांत जेमतेम तीनशे पौंडांची वाढ होते, पण वर मॅरेज व्हॅल्यू बसते. आखूड लीजच्या फ्लॅटची किंमत त्या तीन लाखांच्या ९२ टक्के धरली तर मॅरेज व्हॅल्यूचं निम्मं म्हणजे सुमारे ६,८५० पौंड, आणि एकूण सतरा हजारांच्या आसपास. हे माझे वहीतले आकडे आहेत, तुमच्या सर्व्हेयरचे वेगळे येतील. पण उडी कुठे आहे ते दिसलं ना? ती वर्षभरात हळूहळू चढत नाही. एका रात्रीत चढते.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. २०११ मध्ये आमच्या हॅरोच्या फ्लॅटची ८० वर्षं आणि पाच महिने उरले होते. मी तेव्हा भिडस्त होते. नोटीस कशाला, आधी चांगलं पत्र लिहू, म्हणून लिहिलं. मालकाच्या ऑफिसातून फार गोड उत्तर आलं: आपला प्रस्ताव विचारार्थ घेतला आहे. पाच आठवड्यांनी दुसरं: व्हॅल्युएशन मागवलं आहे. मग तिसरं: संबंधित अधिकारी रजेवर आहेत. तीनही पत्रांच्या माथ्यावर एकच ओळ होती, ‘सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’. तिचा अर्थ आमच्या वकिलानेही नीट समजावला नाही. म्हणजे यातलं काहीही आम्हाला बांधील नाही, असं ते प्रत्येक वेळी लिहून देत होते आणि मी ते शिष्टाचाराचं वाक्य समजत होते. चौथं पत्र आलं तेव्हा आम्ही ८० च्या खाली गेलो होतो. त्या पत्रात किंमत होती. ती पहिल्या अंदाजाच्या दीडपटीहून जास्त होती. ती तीन पत्रं मी अजून फाइलमध्ये ठेवली आहेत, लोकांना दाखवायला.

म्हणून नोटीस या शब्दाबद्दल बोलायला हवं. आपल्याकडे नोटीस आली म्हणजे भांडण लागलं. सोसायटीची नोटीस, वकिलाची नोटीस, भावाभावांतली नोटीस, सगळं कडू. त्यामुळे इथे आलेला मराठी माणूस नोटीस द्यायला कचरतो आणि ‘बोलून बघू’ म्हणतो. कलम ४२ ची नोटीस तशी नसते. फ्रीहोल्डर कंपन्यांना हे कागद सतत येत असतात, त्यांच्याकडे त्यासाठी माणसं नेमलेली असतात. राग धरायला तिथे कोणी बसलेलं नसतं. सर्व्हिस चार्ज आणि मेंटेनन्सची जबाबदारी लीजने बांधलेली आहे, तुम्ही नोटीस दिली म्हणून लिफ्ट बंद पडणार नाही. उलट नोटीस दिल्यावरही बोलणी करता येतात, आणि जास्त चांगली होतात, कारण मग त्यांच्या वेळकाढूपणाने तुमचं नुकसान होत नाही.

ते का होत नाही, हा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. कायद्याप्रमाणे किंमत ठरवायची तारीख म्हणजे नोटीस दिल्याची तारीख. तुम्ही मार्चमध्ये नोटीस दिली आणि व्यवहार पुढच्या वर्षी झाला, तरी हिशोब मार्चच्या उरलेल्या मुदतीवर होणार. नोटीस घड्याळ थांबवते. पत्र, ईमेल, फोन, ‘आम्ही विचार करतोय’, यांपैकी कशानेही ते थांबत नाही.

आता त्यांच्या ऑफरकडे बघू. ८,५०० पौंड ऐकायला दहा हजारांपेक्षा कमी वाटतात. पण २६ वर्षं वाढली म्हणजे काय झालं? २०५२ साली तुमच्या लीजची पुन्हा ८० वर्षं उरतील. तुमची मुलगी तेव्हा बत्तीस वर्षांची असेल आणि हेच पत्र ती कोणाला तरी लिहील. दुसरं, ग्राउंड रेंट ‘आहे तेच’ म्हणजे वर्षाला २५०, आणखी ८० वर्षं. सरळ गुणाकार केला तरी वीस हजार. २०२२ च्या ग्राउंड रेंटच्या कायद्यामुळे ते तुमचं रेंट वाढवू शकत नाहीत आणि वाढवलेल्या २६ वर्षांवर काही लावू शकत नाहीत, पण मूळ मुदतीचं चालू ठेवू शकतात. तेच ते करताहेत. कायद्याच्या मार्गाने दीड हजार जास्त देऊन ९० वर्षं मिळतात, म्हणजे हातात एकशे सत्तर, आणि २५० चं बिल कायमचं बंद. सर्व्हेयर लागणार नाही म्हणतात त्याचा अर्थ एवढाच, की त्यांची किंमत बरोबर आहे का हे तुमच्या बाजूने कोणी तपासणार नाही. शिवाय खाजगी करारात लीजची बाकी कलमंही बदलता येतात. परवानग्यांची फी, भाड्याने देण्याच्या अटी अशा गोष्टी मसुद्यात हळूच शिरतात. कायद्याच्या मार्गाने आली तर नवी लीज बहुतांशी जुन्याच अटींवर येते.

खाजगी ऑफर नेहमीच वाईट असते असं मी म्हणणार नाही. मालक खरोखर ९० वर्षं, शून्य रेंट आणि रास्त किंमत द्यायला तयार असेल तर काम लवकर आणि कमी खर्चात होतं. तुम्हाला आलेली तशी नाही.

मैत्रीण म्हणते त्यातही तथ्य आहे. मे २०२४ मध्ये लीजहोल्ड सुधारणेचा मोठा कायदा संमत झाला. त्यात ९९० वर्षांची मुदतवाढ आहे आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द आहे. मोठ्या जमीनमालकांनी त्याला हायकोर्टात आव्हान दिलं, ते यंदाच्या ऑक्टोबरात फेटाळलं गेलं. पण संमत होणं वेगळं आणि लागू होणं वेगळं. त्यातलं दोन वर्षं मालकी हवी ही अट काढणारं कलम ३१ जानेवारी २०२५ ला लागू झालं. मॅरेज व्हॅल्यूचं कलम आजही लागू नाही, आणि नव्या हिशोबाचे व्याजदर सरकारने अजून ठरवायचे आहेत. आणि थोडा विचार करा: मॅरेज व्हॅल्यू रद्द झाली तर फायदा कोणाचा? ज्यांची मुदत ८० च्या खाली गेलीय त्यांचा. तुम्हाला ती आज लागूच नाही. जे आज तुमच्याकडे फुकट आहे ते उद्या फुकट मिळेल या आशेवर तुम्ही हातचं सोडणार का? ज्यांची सत्तर वर्षं उरलीत त्यांना मी कदाचित थांबा म्हणेन. तुम्हाला नाही. एकशे सत्तर आणि हजाराच्या वर वर्षं, यातला फरक ना कोणत्या बँकेला पडतो ना गिऱ्हाइकाला.

परत जायचं असेल तर खर्च कशाला, असंही तुमच्या मनात असेल. विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याचा सॉलिसिटर पहिल्या आठवड्यात विचारेल, लीज किती उरली. तीन वर्षांनी उत्तर असेल सत्याहत्तर. काही बँका तेवढ्यावर कर्ज द्यायला कां-कूं करतील, आणि घेणारा वाढवण्याचा सगळा खर्च, वर त्रासाचे थोडे, तुमच्या किमतीतून कापून मागेल. आणि व्यवहार पुरा व्हायच्या आत विकायची वेळ आलीच तर दिलेल्या नोटिशीचा हक्क घेणाऱ्याच्या नावे करून देता येतो. तो फ्लॅटच्या हस्तांतराबरोबरच करावा लागतो, हे तेवढं सॉलिसिटरला आठवणीने सांगा.

पैशांची धास्ती घेऊ नका. नोटीस देताना प्रीमियम भरायचा नसतो. त्या वेळी लागते तुमच्या सर्व्हेयरची आणि सॉलिसिटरची फी. नोटिशीनंतर मालक डिपॉझिट मागू शकतो, तुम्ही लिहिलेल्या किमतीच्या १० टक्के किंवा २५० पौंड, यांतलं जे जास्त ते. तुमच्या बाबतीत हजाराच्या आत-बाहेर. प्रीमियम द्यायचा शेवटी, नवी लीज होताना, आणि तोवर बरेच महिने गेलेले असतात. मालकाचा वाजवी कायदेशीर आणि व्हॅल्युएशनचा खर्च मात्र सध्याच्या नियमाने तुम्हालाच द्यावा लागतो, तो धरून चाला. नऊ हजार सगळ्याला पुरणार नाहीत, पण आज सुरुवात करायला भरपूर आहेत. उरलेल्यासाठी ब्रोकरला विचारा, मॉर्गेज बदलतानाच प्रीमियमपुरतं वाढवून मिळतं का.

यजमान पुण्यात आहेत याने काही अडत नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणून नोटीस दोघांच्या नावाने गेली पाहिजे, एकटीच्या नावाने गेली तर ती बाद ठरू शकते. पूर्वी फ्लॅटधारकाने स्वतः सही करावी लागे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या वतीने सॉलिसिटर सही करू शकतो. यजमानांनी तिथून लेखी अधिकार दिला की झालं. सॉलिसिटर त्यांची ओळख पटवायला पासपोर्ट मागेल, ते काम आत्ताच उरकून ठेवा.

सॉलिसिटर निवडताना घर घेताना होता तोच नको. घरखरेदीचं काम आणि हे काम वेगळं. याच कामात मुरलेल्या वकील-सर्व्हेयरांची एक संघटना आहे, एएलईपी. तिच्या यादीतला बघा. सर्व्हेयर आरआयसीएस या सर्व्हेयरांच्या संस्थेचा सभासद आणि स्लाऊ-विंडसर भागातले फ्लॅट ओळखणारा हवा. त्याआधी लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिसशी बोला. ती सरकारी पैशावर चालते, सल्ला फुकट असतो, आणि प्रीमियमचा अंदाज देणारं गणनयंत्रही त्यांच्या वेबसाइटवर आहे.

फ्रीहोल्डचं रजिस्टर काढायला सांगितलं ते यासाठी: नोटीस योग्य मालकाला जायला हवी. २००७ च्या इमारतींत पुष्कळदा फ्रीहोल्डर आणि तुम्ही यांच्या मध्ये आणखी एक हेडलीजवाली, म्हणजे फ्रीहोल्डरकडून लीज घेऊन मध्ये बसलेली, कंपनी असते, आणि लीजमध्ये तिसरी सही मॅनेजमेंट कंपनीची. ईमेलला उत्तर देणारी कंपनी म्हणजे कायद्याने ‘सक्षम’ मालक असेलच असं नाही. नोटिशीत लिहायची किंमतही सांभाळून ठरवा. कमी लिहावी, सगळेच लिहितात, पण हास्यास्पद कमी लिहिली तर नोटीसच अवैध ठरू शकते. सर्व्हेयरने हिशोबाने मांडता येईल असा खालचा आकडा द्यावा.

नोटीस गेल्यावर मालकाला काउंटर नोटिशीसाठी, म्हणजे त्याच्या लेखी उत्तरासाठी, निदान दोन महिने द्यावे लागतात. तो वरचा आकडा सांगेल, घाबरू नका. त्याने मुदतीत उत्तर दिलंच नाही तर कोर्टात जाऊन तुमच्या नोटिशीतल्या अटींवर लीज मागता येते. उत्तर दिलं तर दोन्हीकडचे सर्व्हेयर बोलतात आणि बहुतेक वेळा मध्ये कुठेतरी जुळतं. नाहीच जुळलं तर ट्रायब्युनल, म्हणजे असे वाद सोडवणारं न्यायाधिकरण, आणि इथे एक तारीख पाठ करून ठेवा. काउंटर नोटिशीनंतर दोन महिन्यांच्या आधी ट्रायब्युनलकडे अर्ज करता येत नाही आणि सहा महिन्यांनंतरही येत नाही. बोलणी छान चालली आहेत म्हणून सहावा महिना उलटू दिला तर नोटीस मागे घेतली असं धरतात, आणि पुढचे बारा महिने नवी देता येत नाही. बारा महिन्यांत तुम्ही ८० च्या खाली. म्हणजे एवढं करूनही पुन्हा खड्ड्यात. पाचव्या महिन्यात अर्ज टाकून ठेवायचा आणि बोलणी चालू ठेवायची.

आणि नोटीस दिल्या दिवशीच सॉलिसिटरला सांगा, लँड रजिस्ट्रीत तिची नोंद करा. मधल्या काळात कंपनीने इमारत दुसऱ्याला विकली तर नोंद नसलेली नोटीस नव्या मालकाला बांधील राहत नाही. या कंपन्या इमारती विकतात, तुमचीही एकदा विकली गेली असणारच.

अजून एक, शेजाऱ्यांना सांगा. तुमच्या इमारतीतल्या बहुतेकांची लीज त्याच २४ जून २००७ पासूनची असेल, आणि त्यांच्याही डोक्यात घेतानाचा आकडा बसला असेल. दोन-चार घरं मिळून एकच सर्व्हेयर बोलावला तर तो फी कमी करतो. सगळ्यांनी मिळून फ्रीहोल्डच विकत घेण्याचाही मार्ग आहे, पण त्याला निदान निम्मे फ्लॅट तयार व्हावे लागतात आणि सहा महिन्यांत ते जमवणं कठीण. लिफ्टशेजारच्या फलकावर मात्र एक कागद उद्याच लावता येईल.

फ्रीहोल्डरच्या ईमेलला उत्तर हवं असेल तर दोन ओळी पुरे: ऑफर मिळाली, सल्ला घेत आहोत. हो म्हणू नका, नाही म्हणू नका, जूनचा उल्लेखही करू नका. २८ दिवस हे त्यांचे आहेत. तुमची तारीख २३ जून, आणि मी तुमच्या जागी असते तर वहीत ३१ मार्च लिहिली असती, कारण कागदात चूक निघालीच तर दुरुस्त नोटीस द्यायला एप्रिल आणि मे हाताशी राहतात.

सासऱ्यांना सांगा, घर आपलंच आहे, सातबारा तेवढा दुसऱ्याच्या नावावर आहे. त्यांच्या तब्येतीला आराम पडो. सर्व्हेयर येऊन गेला की त्याचा आकडा मला कळवा, एकत्र बघू.